येते म्हणावं

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकून कुणी हसलं तर विजयमालाबाई वाद घालत नाहीत. त्या नुसत्या दाराकडं बघतात.

ठिकाण जुळे सोलापुरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वेळ गेल्या ऑक्टोबरातली, दिवेलागणीची.

घरात विजयमालाबाई आणि त्यांचे यजमान महिपतराव, दोघंच. हॉलच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. चालू केला की चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाले तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. महिपतराव त्याला 'आमचा म्हातारा' म्हणायचे.

तो त्यांच्या एकुलत्या लेकीचा, वैजयंतीचा.

वैजूला एक खोड होती. घरातून निघताना म्हणायची, "आई, जाते गं."

"जाते म्हणू न्हाय! येते म्हणावं!" विजयमालाबाई दर वेळी ओरडायच्या.

एकदा चेष्टा म्हणून पोरीनं स्वतःचा आवाज भरला आणि कॉम्प्युटरला लावून दिला. तो बंद केला की स्पीकरमधून आधी बारीकसं हसू यायचं. मग... "आई, येते गं!"

"घे. मी विसरले तरी हा रोज म्हणंल की," वैजू म्हणाली होती.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती घाईत निघाली. "जाते गं," म्हणाली. विजयमालाबाईंचे हात पिठात होते. "येते म्हण!" त्या आतूनच ओरडल्या. तोवर स्कूटी गेटबाहेर पडली होती.

होटगी रोडवर ती स्कूटी घसरली.

वैजू परत आली नाही.

तेव्हापासून विजयमालाबाई रोज दिवेलागणीला कॉम्प्युटर चालू करायच्या. काम काही नसायचं. लगेच बंद करायच्या. आवाज यायचा. "ये हं," म्हणायच्या आणि देवापुढं दिवा लावायच्या. त्या एका 'येते'वर बाई जगत होत्या.

ऑक्टोबरात महिपतरावांच्या पेन्शनची साइट त्यावर उघडेना. भाचा अभिमन्यू आला. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो.

"मावशी, विंडोज लई जुनं झालंय. पुसून नवं टाकतो. वैजूचे फोटो, गाणी, सगळं काढून घेतलंय. आणखी काय ठेवायचं?"

"सगळं घेतलंस न्हवं? मग झालं की."

आवाज वेगळा काढून ठेवावा लागतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तो कॉम्प्युटरचाच आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. अभिमन्यूला तर त्या आवाजाचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला...

काहीच नाही.

स्पीकरचं बटण पिळलं. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला...

काहीच नाही.

त्यांनी अभिमन्यूला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तो आवाज विंडोजच्याच फोल्डरात असणार. ते सगळं पुसलं गं. मला सांगायचं की..." आणि तोही रडायला लागला.

लेक दुसऱ्यांदा गेली होती. त्या रात्री विजयमालाबाईंनी देवापुढं दिवा लावला नाही.

महिपतरावांनी रागानं स्पीकरची वायर उपटली आणि कपाटात टाकून दिली.

दोन-तीन दिवसांनी, दिवेलागणीलाच, लाइट गेली. पंखा थांबला. खालची पिठाची गिरणी थांबली. दोघं अंधारात बसून राहिले.

आणि कोपऱ्यात...

खर्र...

स्पीकर वाजला होता.

मग बारीकसं हसू. तेच.

"आई..."

महिपतरावांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं.

"...जाते गं."

भरलेल्या आवाजात हा शब्द नव्हता. त्यात 'येते' होतं. चार वर्षं रोज ऐकलेलं, चुकायचं कसं?

विजयमालाबाईंना भीती वाटली नाही. चार वर्षं घशात अडकलेलं एकदम बाहेर पडलं.

"येते म्हण! वैजू... येते म्हण, बाळा!"

सगळं गप्प.

कितीतरी वेळ गप्प.

मग आवाज आला. या वेळी स्पीकरमधून नाही. दाराबाहेरून, खाली जिन्यावरून...

"येते."

लाइट आली. स्पीकर वायरीविना तसाच पडलेला. महिपतराव जिन्यापर्यंत धावले. जिना रिकामा होता.

कॉम्प्युटर आता कुणी लावत नाही. पूर्वी महिपतराव झोपण्याआधी दाराची कडी पुन्हा पुन्हा बघायचे. आता त्या दाराला कडीच लागत नाही. अभिमन्यू रागावला, "काका, चोऱ्या लई वाढल्यात हितं. कडी लावा की."

महिपतराव एवढंच म्हणाले, "येते म्हणालीय ती."

रात्री जिन्यावर पाऊल वाजलं की दोघंही जागे असतात. पण कोण आलंय, हे बघायला दोघांपैकी एकही उठत नाही.