पाच काचांची टाकी

दोघा भावांचा काचेचा धंदा. मोठा मापं घेई, धाकटा काच कापी. वीस वर्षं एका दुकानात आणि एका घरात काढली, पण कुणी कुणाच्या ‘अरे’ला ‘का रे’ केलं नव्हतं. वहिनी म्हणायची, “एकदा तरी भांडा, घरात माणसं राहतात असं वाटेल.”

एका रविवारी धाकट्यानं जुनी माशांची टाकी आणली. एक सलून बंद पडलं होतं, तिथली. तळ धरून पाच काचा, चार फूट लांबी, सांध्यांतलं सिलिकॉन काळं पडलेलं.

“तुला दुसरे उद्योग नाहीत का?” दादा म्हणाला.

“काच बघ ना दादा. अशी जाड काच आता कुठे मिळते?”

मागच्या खोलीत टेबलावर ठेवून त्यानं सांधे खरवडायला घेतले. सिलिकॉन सोललेल्या कातडीसारखं लांबच लांब निघत होतं. पातं दोनदा घसरलं, दोन्ही वेळा तळव्यात शिरलं. चिंधी गुंडाळून तो पुन्हा बसला. पुढच्या काचेवर आतून चरे होते, उभे, चार-चार जवळजवळ. घासायच्या भुकटीनं त्यानं ते घालवले.

नवं सिलिकॉन वाळल्यावर पाणी भरलं. थेंब गळला नाही. गुरुवारी त्यानं सहा गोल्डफिश सोडले.

शुक्रवारी दुपारी तीनच उरले होते. बाकीच्यांचे तुकडे वाळूवर पडलेले, पाण्यात लाल धागे तरंगत होते. वहिनीनं जाळीनं ते उचलले.

“भावजी, हे चावतात?”

“चावायला तोंडात दात कुठे असतात यांच्या?”

शनिवारी एकच राहिला, एका डोळ्याचा. तो पुढच्या काचेवर डोकं आपटत होता. स्वयंपाकघरापर्यंत ठक ठक ऐकू यायचं. संध्याकाळी ते थांबलं.

त्याच दिवशी दुकानात धाकट्यानं एक आरसा फोडला. हातून निसटला नव्हता. गिऱ्हाईकाच्या पायाशी आपटून फोडला होता. दादानं काचा झाडून काढल्या.

रविवारी दुपारी मात्र तो नळी घेऊन मागच्या खोलीत आला.

“पाणी काढू या. टाकी बाहेर जाऊ दे.”

“हात लावू नकोस.”

“अरे, ऐक माझं.”

दादानं नळी पाण्यात सोडली. पुढचं धाकट्याला धड सांगता आलं नाही. सांधे खरवडायचं पातं त्याच्या हातात होतं. दादाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उकलला आणि रक्त फरशीवर सांडलं. दादा हाताकडे बघत मागे सरकत गेला.

धाकट्यानं पुन्हा पातं उगारलं.

तेवढ्यात त्याच्या मानेवर हात पडला. डोकं पाण्यात गेलं. बोटं मानेत रुतत होती, तोंडात वाळू शिरली. दादा मारतोय, त्याच्या मनात आलं. मारू दे.

त्यानं डोळे उघडले.

काचेतून खोली दिसत होती. पलीकडच्या भिंतीशी दादा बसला होता. धावत आलेली वहिनी त्याच्या हाताला टॉवेल बांधत होती. दोघंही धाकट्याकडे बघत होते.

मानेवरचा हात आणखी खाली दाबत होता.

त्यानं टेबलाला लाथ घातली.

टाकी फरशीवर पडली, पाचही काचांचा चक्काचूर झाला.

“भावजी, तुम्ही आपणहून डोकं घातलंत,” दवाखान्यात वहिनी हळूच म्हणाली. “जवळ कुणीसुद्धा नव्हतं.”

डॉक्टरांनी त्याची मान तपासली. “हे वळ कधीचे?”

“आत्ताचे. तासही झाला नसेल.”

“आत्ताचे नाहीत. पिवळे पडलेत. आठवडा तरी झाला असेल.”

मग ते दादाकडे वळले. टाके घालण्यापूर्वी त्याचा रक्तानं भिजलेला शर्ट कापून बाजूला केला आणि ते थबकले.

“आणि हे?”

“काय?” दादानं विचारलं.

वहिनीनं वाकून पाहिलं. दादाच्याही मानेवर, एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. हे वळ ताजे होते, लालभडक.