सुटे आवाज

"आभाताई, डिस्क मेली."

सोमवारी सकाळी आभा सबनीसांनी विजयनगरातल्या दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात अनुरागचा फोन आला.

"कुठली डिस्क?"

"तुम्ही निवडून दिलेली. दोन दिवसांचं सगळं रेकॉर्डिंग तिच्यावर होतं. लॅपटॉप ती ओळखतच नाही."

आभा खाली बसल्या. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचा डेटा परत काढून देणं हेच त्यांचं काम. नाशिकहून म्हैसूरला येऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. पण आपणच निवडलेली डिस्क अशी दगा देईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी अनुराग दुकानात आला होता. दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि सुटीच्या दिवशी ध्वनिमुद्रण, असा त्याचा क्रम. देवराज मोहल्ल्यातल्या विठ्ठलमंदिराच्या भजनी मंडळाचं गाणं त्याला टिपायचं होतं. ही शिंपी मंडळी सात पिढ्या म्हैसुरात राहिलेली. त्यांच्या चाली कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. बारा माइक, प्रत्येकाची वेगळी नोंद, आणि सगळं थेट बाहेरच्या डिस्कवर, कारण लॅपटॉपमध्ये जागा नव्हती.

"वेग दोन्ही प्रकारांत पुरेसा आहे," आभा तेव्हा म्हणाल्या होत्या. "पण साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. तिची घरघर माइकमध्ये येईल, शिवाय मृदंगाचा दणका बसेल. तुम्ही एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारं, हलणारं काहीच नसतं. आणि कॉपीसाठी दुसरी घ्या."

दुसरी डिस्क पुढच्या आठवड्यात यायची होती. अनुराग थांबला नाही. मृदंग वाजवणाऱ्या मालोजीरावांना थांबायला वेळच नव्हता. त्यांच्या हातांना कंप सुटला होता, आणि डॉक्टरांनी या महिन्यानंतर वाजवणं बंद करायला सांगितलं होतं.

अर्ध्या तासात अनुराग आला. सोबत मंडळाचे प्रमुख गायक सदाशिवराव होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आभांनी दुकान काढलं, तेव्हा पहिली दहा गिऱ्हाइकं अण्णांनीच पाठवली होती. ते त्यांना मगळे म्हणत, म्हणजे लेक.

"तूच निवडून दिलीस ना ही, मगळे?" अण्णांनी काळी डबी काउंटरवर ठेवली. आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

"नेमकं काय झालं, अण्णा?"

"काल दुपारी मंदिराच्या हॉलबाहेरची पंगत उठली. अडीच वाजले असतील. हा अनुराग वायर तशीच लोंबत ठेवून गेला होता. कुणाचा तरी पाय लागला असेल. मी हॉलमध्ये आलो तर डिस्क खाली फरशीवर. टिकटिक, टिकटिक करत होती. मी उचलून ठेवली, मग आवाज थांबला. आयतु, संपलं सगळं."

"मी वायर टेबलाखालून घेतली होती, अण्णा," अनुराग म्हणाला.

"असेल बाबा. आता बोलून काय उपयोग?"

अनुरागनं मान खाली घातली. आभांनी डबी हातात घेऊन चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला.

"लॅपटॉप ठेवून जा," त्या म्हणाल्या. "कॉपी झाली नाही ना?"

"नाही. संध्याकाळी आजूबाजूला विचारून एखादी डिस्क आणणार होतो."

"याच्यातून काही निघणार नाही ना?" अण्णांनी विचारलं.

"बघते."

ते गेल्यावर आभांनी भिंगाखाली डबी धरली. वायर जिथे बसते त्या खाचेच्या आत काहीतरी चमकत होतं. चिमट्यानं त्यांनी ते हळूच ओढलं. पोलादाचा बारीक तुकडा, टोकाशी अणकुचीदार. जाड सुईचं मोडलेलं टोक.

मग लॅपटॉप उघडला. डिस्कचा संपर्क तुटल्याची नोंद त्यात होती. वेळ दुपारचे एक बावीस.

आभांनी तो आकडा कागदावर टिपून घेतला.

दुपारी त्या देवराज मोहल्ल्यात गेल्या. मार्केटच्या मागच्या गल्लीत रघुचं शिवणकामाचं दुकान होतं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तो अण्णांच्या मागे बसून गायचा. त्याच्या कॉलरखाली दोऱ्यात गुंडाळलेल्या तीन सुया खोचलेल्या होत्या.

"पंगत किती वाजता बसली, रघु?"

"सव्वा एकला, अक्का. मीच वाढत होतो. हुळी, कोसंबरी, सगळं. अडीचपर्यंत पळीच हातात."

"मधे हॉलमध्ये गेला होतात?"

"कुठून जाणार? साठ पानं होती. स्वल्प उशीर झाला की लोक ओरडतात."

"अनुराग आणि मालोजीकाका?"

"पहिल्याच पंगतीला, शेजारी शेजारी. काकांना चमच्यानं खाताना बघवत नव्हतं मला."

"आणि अण्णा?"

रघुची कात्री कापडात थांबली. "अण्णा दुसऱ्या पंगतीला जेवले. त्याआधी जप करत बसले होते."

"कुठे?"

"हॉलमध्येच," तो म्हणाला आणि कापड कापू लागला. कात्री रेघ सोडून गेली.

दोन घरं पलीकडे मालोजीराव ओट्यावर बसले होते. मांडीवरचे हात सारखे थरथरत होते.

"शनिवारी काय झालं होतं, काका? रेकॉर्डिंग संपल्यावर?"

त्यांचा चेहरा उजळला. "अनुरागनं माझा मृदंग एकटा ऐकवला! बाकी सगळे गप्प, फक्त माझे हात. अय्यो, पन्नास वर्षांत मी स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. मग तो म्हणाला, असाच प्रत्येकाचा आवाज सुटा करता येतो. आता अण्णांचा ऐकू या."

"ऐकलात?"

"कुठलं? अण्णा चहा न घेताच उठले. डोकं दुखत होतं म्हणे." ते पुढे वाकले. "निघेल का हो काही त्यातून? आता पुन्हा वाजवणं व्हायचं नाही माझ्याच्यानं."

"प्रयत्न करते, काका."

दुकानात परतल्यावर आभांनी डबी उघडली. वायरीकडचं छोटं सर्किट जळलं होतं. ज्यावर डेटा साठतो ती पट्टी मात्र शाबूत होती. त्यांनी ती काढली, दुसऱ्या डबीत बसवली आणि लॅपटॉपला जोडली.

दोन्ही दिवस समोर आले. बाराच्या बारा आवाज.

त्यांनी आधी दोन कॉपी करून ठेवल्या. मग हेडफोन लावून तिसरा माइक एकटा ऐकला. पुढे पाचवा. पुन्हा तिसरा. हेडफोन काढला, तेव्हा चहावर साय धरली होती.

पहिली दहा गिऱ्हाइकं त्यांना आठवली. आणि सकाळचं ते मगळे.

बुधवारी दुपारी चारला मंदिराच्या हॉलमध्ये पाच माणसं जमली. आभा, अनुराग, मालोजीराव, रघु आणि अण्णा. टेबलावर लॅपटॉप आणि एक छोटा स्पीकर होता.

"डिस्क पडली नव्हती," आभांनी सुरुवात केली.

"म्हणजे?" मालोजीरावांनी विचारलं.

"दगडी फरशीवर पडली असती, तर डबीच्या कोपऱ्यावर एक तरी खूण दिसली असती. एकही नाही. दुसरं, ती टिकटिक करत होती असं अण्णा म्हणाले. जुन्या हार्ड डिस्क बिघडल्या की करतात तसं. ही करूच शकत नाही. हिच्या आत हलणारं काही नाही."

"आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची केली होती," अण्णा पुटपुटले.

"म्हणूनच तुम्हाला तसं सुचलं. तिसरं, लॅपटॉप सांगतो की डिस्क एक बावीसला निघाली. अडीचला नाही. तेव्हा पंगत नुकतीच बसली होती." त्यांनी कागदाची पुडी उलगडली. "आणि चौथं, हे. वायर काढून खाचेत सुई खुपसली, टोक आत मोडलं. मग वायर परत लावली. तारा एकमेकींना चिकटल्या आणि सर्किट जळलं."

"सुई तर आम्हा सगळ्यांकडे असते," मालोजीराव म्हणाले.

"हो. पण काका, तुमच्या हातानं सुई त्या बारीक खाचेत जाणार नाही. शिवाय तुम्ही आणि अनुराग साठ माणसांदेखत जेवत होता. रघु वाढत होता. हॉलमध्ये एकच माणूस होता."

कुणी अण्णांकडे पाहिलं नाही. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"मी कशाला करू?" अण्णा म्हणाले. "माझंच गाणं आहे त्यात!"

"नाही, अण्णा. तेच तर नाही."

आभांनी तिसरा माइक लावला. अण्णांचा आवाज आला. खालच्या सुरात भरदार, प्रेमळ. चाल वर चढू लागली, तसा आवाज विरळ झाला आणि थांबला. उरला फक्त श्वास, आणि टाळांचा लांबून येणारा आवाज. ओळ खाली उतरली, तेव्हा अण्णा पुन्हा गाऊ लागले.

मग पाचवा माइक. तीच ओळ, तेच वरचे सूर. मोकळे, न डळमळता लागलेले. रघुचे.

"लाउडस्पीकरवर दोन्ही एक होऊन जातात," आभा म्हणाल्या. "शनिवारी अनुराग म्हणाला, आवाज सुटे करता येतात. तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं की रेकॉर्डिंग राहिलं, तर हेही राहणार. आवाज सुटे करणं एक दिवस टाळून भागणार नव्हतं. डिस्कच जायला हवी होती."

"किती वर्षं?" मालोजीरावांनी रघुला विचारलं.

"नऊ," रघु म्हणाला. "अण्णांनी हात धरून सांगितलं होतं. मंडळ मोडेल, कुणाला बोलू नकोस. मी नाही बोललो. माझ्या बायकोलाही माहीत नाही." तो अण्णांकडे वळला. "गळा मागितलात, दिला. माझं नाव कधी घेतलं नाहीत, तेही चाललं. पण हे एवढं एकच होतं ना, ज्यात मी होतो."

अण्णांचे ओठ हलले. "मला सगळे ऐकायला येतात, रघु. हे बाहेर आलं असतं तर... काय उरलं असतं माझं?"

"आणि माझं?" मालोजीराव म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. "तुला ठाऊक होतं, हे हात यापुढे वाजवणार नाहीत. तू एकटाच होतास ज्याला मी डॉक्टरांकडे सोबत नेलं होतं. मला म्हणाला असतास, सदाशिवा. मी हसलो असतो का तुला?"

मालोजीरावांनी अनुरागकडे बोट दाखवलं.

"आणि या पोराला दोन दिवस निष्काळजी म्हणत राहिलास. या बाईचं दुकान बुडवायला निघालास."

अनुराग पुढे सरकला. "मी कालच मंडळाला पत्र दिलं होतं," तो म्हणाला. "चूक माझी आहे, यापुढे रेकॉर्डिंग करणार नाही, असं. तुम्ही ते वाचून घडी घालून खिशात ठेवलंत, अण्णा."

अण्णांनी खिशात हात घातला. पत्र काढून टेबलावर ठेवलं. मग आभांकडे पाहून हात जोडले.

"मगळे..."

"आभा म्हणा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. पण डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्या लॅपटॉपची वायर गुंडाळत बसल्या.

"रेकॉर्डिंगवर नाव काय घालायचं, काका?" अनुरागनं विचारलं.

मालोजीराव लॅपटॉपकडे वळले. "जो जिथे गायला, तिथे त्याचं नाव घाल. खालचे सूर सदाशिवाचे आहेत. ते काढू नकोस. ते खरे आहेत."

ते उठू लागले. अण्णाही उठले. बत्तीस वर्षं भजन संपल्यावर दोघं एकाच रस्त्यानं घरी जात होते. अण्णांनी सवयीनं त्यांची काठी उचलून पुढे केली.

मालोजीरावांनी काठी घेतली. मग दुसरा हात रघुच्या खांद्यावर ठेवला.

"चल रे," ते रघुला म्हणाले, "तुझ्या दुकानावरून जाऊ."

दोघं सावकाश पायऱ्या उतरले. अण्णा दारात उभे राहिले, चपला हातात घेऊन, कुठल्या बाजूला वळावं ते न कळून.