रित्या पोंग्याची साद

रावेरच्या केळीपट्ट्यात फवारणीवर बंदी आल्यापासून किडे टिपण्याचे काम आफ्रिकेतून आणलेल्या केळपाकोळ्या करीत. अंगठ्याएवढे हे वटवाघूळ केळीच्या पोंग्यात, म्हणजे न उलगडलेल्या पानाच्या सुरळीत, झोपते. तळव्यांवरच्या गाद्यांमुळे ते त्या गुळगुळीत भिंतीवरून घसरत नाही. परंतु पान उलगडले की घर संपते. मग पहाटे जिला नवा पोंगा सापडेल ती आत बसून साद घालते आणि बाकीच्या येतात. माणसाला ऐकू न येणाऱ्या या सादेला डॉ. हेमांगी झोपे हिने ‘घरसाद’ असे नाव दिले होते. तिने ती टिपली आणि पाकोळ्यांना हव्या त्या बागेत बोलावणारी पेटी तयार केली.

पहिली पेटी तिच्या आत्याच्या, सुलोचना भारंबे यांच्या, बागेत बसली. आत्याने एकच अट घातली होती: “आधी मी पोंगा बघणार, मगच बटण दाबणार. घर नसताना कुणाला घरी बोलवायचं नाही.”

“कबूल, आत्या.”

यंदा मात्र किड्यांनी पानांची चाळण केली होती. हेमांगी आली तेव्हा आत्या एका बुंध्याशी उकिडवी बसली होती. समोर पालापाचोळ्यात पडलेले पिल्लू तोंड उघडत होते, मिटत होते. हेमांगीने ती साद माणसाला ऐकवणारा ध्वनिग्राहक लावला. बारीक, चिरका आवाज घुमू लागला. शेजारच्या पोंग्यातून आईने डोके बाहेर काढले, कान वळवले आणि ती पुन्हा आत सरकली.

“सकाळपासून असंच चाललंय,” आत्या म्हणाली. “बहिरी झालीय का ती?”

“नाही. ऐकू येतं तिला. आता विश्वास नाही.”

“कशानं गेला?”

हेमांगी यंत्राशी चाळा करीत राहिली. “तू लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलीस ना, तेव्हा मी पेटीजवळचे सगळे पोंगे चिरून घेतले. आणि साद चालू ठेवली. रित्या जागी त्या किती दिवस येत राहतात, ते बघायचं होतं.”

“आल्या?”

“उन्हं चढेपर्यंत घिरट्या घालायच्या. झडप घालायला शिक्रे टपलेले असायचे. मग यायच्या थांबल्या. आता कुणाच्याच सादेला ओ देत नाहीत. एकेकट्या राहतात.”

“परत आल्यावर मी रोज पोंगे बघत होते, बटण दाबत होते. आणि तू फोनवर ‘छान चाललंय’ म्हणत होतीस.”

“सांगितलं असतं, तर तू पेटी उपटून फेकली असतीस.”

“म्हणजे तुझ्या प्रयोगात त्यांच्याबरोबर मलाही मोजलंस.”

आत्याने पिल्लू पदरात घेतले. ध्वनिग्राहकातला चिरका आवाज विरत विरत थांबला.

हेमांगीने सामान गाडीत ठेवले आणि फाटकापाशी वळून नेहमीसारखी हाक दिली, “आत्या, येते गं.”

निघणाऱ्याला ‘ये’ म्हटल्याशिवाय त्या घरातून कुणाची पाठवणी होत नसे. आत्याने मान वर केली. तिला ऐकू आले होते, हे हेमांगीला स्पष्ट दिसले. मग आत्या वळली आणि घरात गेली.