लदेणीच्या घाटातली मोटार

शेकोटीत आणखी एक लाकूड सारा आणि ऐका. हे मी पाहिलेलं नाही, जफरनं पाहिलं. दिग्रसचा जफर मिस्त्री, माझा लहानपणचा सोबती. तापट आहे, कंजूष आहे, पण खोटारडा नाही.

सन बासष्ट. डिसेंबरची सव्वीस तारीख, बुधवार, मार्गशीर्षातली अवस.

मुंबईचे एक खोपकर साहेब आणि त्यांची बाई मोटारीतून देश बघायला निघाले होते. मोटार कसली, घरच ते. लष्कराची जुनी व्हॅन, तिच्यात दोन पलंग, स्टोव्ह, भांड्यांचं कपाट, खिडक्यांना पडदे. घरी पलंग असताना रस्त्यात झोपायला निघालेली माणसं ही. आणि बघायचं काय, तर वस्तुसंग्रहालयं. नागपूरचं झालं होतं, आता हैदराबादचं. मेलेल्या लोकांच्या फुटक्या घागरी काचेत ठेवतात, त्या बघायला एवढी पायपीट, तीही चाकांवर. त्यांचा ड्रायव्हर यवतमाळला तापानं आडवा पडला, म्हणून दिग्रसहून जफरला घेतलं.

उमरखेडच्या अलीकडे, घाटमाथ्यावर, दिवस मावळताना ते आपल्या तांड्यावर उतरले. माझ्या धुरपताकाकीनं घागरीतलं पाणी दिलं. बाईंनी तांब्याला हात लावला नाही. "आमचं उकळलेलं आहे," म्हणाल्या. साहेबांना मात्र घागर आवडली. किती जुनी, विकणार का, म्हणून विचारत बसले. काचेमागची घागर यांना पूज्य, आणि जिच्यातून माणसं पाणी पितात ती विटाळाची. मला अशा माणसांची किळस येते, आजही येते.

जफरची चूक एकच. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यानं साहेबांना मोहाच्या झाडावरच्या घंटेचं सांगितलं.

तुम्ही पोरं शाळा शिकलात, तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल. आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य वाहत. त्याला लदेणी म्हणत. शंभर-दीडशे बैल, आणि सगळ्यांत पुढे घंटेचा बैल. घंटा वाजली की लदेणी चालायची. मुक्काम आला की घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळ्याला फडकं गुंडाळायचं, मग बैल बसायचे. शेवटच्या लदेणीचा नायक इथंच मेला. तेव्हा ती घंटा फडक्यासकट त्या मोहाला टांगली. दर दिवाळीला घरातलं एक फडकं वरून गुंडाळतो आपण. जुनं कधी सोडत नाही.

साहेबांनी नऊच्या सुमारास घंटा खाली काढली. काकी आडवी आली.

"तिले काहून हात लावता साहेब? बैल बसले हायेत."

"कुठले बैल?" म्हणून साहेब हसले. खिशातल्या चाकूनं त्यांनी ऐंशी वर्षांची फडकी कापून टाकली. मग घंटा व्हॅनच्या नाकावर, दोन दिव्यांच्या मधोमध बांधली. हैदराबादला मिरवायची होती ना.

बाई आत झोपल्या. साहेब कंदिलाशी बसून वहीत घंटेचं माप उतरवत होते. जफर शेकोटीशी. चावी त्याच्या खिशात.

साडेबारा झाले असतील. वारा नव्हता.

घंटा वाजली.

एकदाच...

जफरनं मान वर केली. व्हॅन मोहाखाली उभी होती.

पुन्हा वाजली. या वेळी लांबून...

मोहाखाली काही नव्हतं.

इंजिनाचा आवाज नाही. दिवा नाही. मग माती दबल्याचा आवाज. पायांचा. खूप पायांचा... दोघांच्या अगदी जवळून काहीतरी चाललं होतं. ऊब लागत होती. घामाचा, मिठाचा, जनावराचा वास. दिसत काहीच नव्हतं. किती वेळ चाललं होतं, जफरला सांगता येत नाही...

मग शांत झालं.

साहेबांनी जफरची गचांडी धरली. "तुझा साथीदार कोण? माझी बायको कुठं नेली?"

"चावी माह्यापाशी हाय साहेब. हे पाहा. मंग गाडी कोनं नेली?"

"ते पोलिसांना सांग. सकाळपर्यंत बाई मिळाली नाही तर तुला फासावर चढवीन."

फडकी कापली यानं, आणि फासावर कोण, तर जफर. घरी खैरुनबी न् तीन लेकरं. जफर मला म्हणाला, "फुलसिंग, त्या टायमाले मले भुताचं भेव नाही वाटलं. त्या साहेबाचं वाटलं."

कंदील घेऊन ते रात्रभर घाट उतरले. मागे काकी. खाली दोन काळ्या दगडांमधून लदेणीची वाट जाते, तिथून एकामागं एक निघाले.

काय रे धरमसिंग, घाबरलास?

"नाही गुरुजी. बाई भेटली काय?"

भेटली. उजाडताना, पैनगंगेच्या काठावर. मोटार शेजारी उभी. बाई उकिडव्या बसून ओंजळीनं नदीचं पाणी पीत होत्या. तेच, न उकळलेलं. साहेबांनी दंड धरला तर म्हणाल्या, "थांबा ना. सगळ्यांचं पिऊन होऊ द्या."

काठावर दुसरं कोणी नव्हतं...

काकीनं पदर फाडून लोळ्याला गुंडाळला, तेव्हाच बाई उठल्या. घंटा काकीनं सोडून आणली. ती मोहावर आहे, तुम्ही रोज बघता.

साहेबांनी जफरची माफी मागितली का? कशाला मागतील. "उतारानं घरंगळली असेल," म्हणाले, आणि बाईला घेऊन एसटीनं निघून गेले. मोटार न्यायला कधी आले नाहीत. आले असते तरी काय केलं असतं?

त्या दोन दगडांमधली जागा मी स्वतः दोरीनं मापली आहे. अडीच हात. लादलेला बैल जेमतेम जाईल एवढी. नदीकडे उतरायला दुसरी वाट नाही. आणि मोटार चार हात रुंद.

सहा वर्षं झाली. अजून ती दगडांच्या पलीकडेच उभी आहे. चाकं बसली, पडदे कुजले. दोन्ही अंगांचा रंग मात्र तसाच आहे, त्यावर एक ओरखडा नाही.