तिसऱ्या कडव्यापासून पुढे

घरी सराव न करता आलेला विद्यार्थी मला दारातूनच ओळखता येतो. सराव केलेला चपला काढून सरळ आत येतो. न केलेल्याचे पट्टेच सुटता सुटत नाहीत.

आयुष्य गेलं यात. आठवडाभर पुढच्या खोलीत पियानोची शिकवणी आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो म्हणतो, "लोकांना दिसत नाही ते मी बघतो, ऐकू येत नाही ते तू. माझी गिऱ्हाइकं निदान सुधारून तरी जातात."

टेलिफोनबाईंना मी नाहीच म्हणणार होते. साठी उलटलेली, बोटं आखडलेली. टेलिफोन ऑफिसात इतरांचे कॉल जोडून देता देता निवृत्त झालेल्या. त्यांना शिकायची होती ती फक्त चर्चची गीतं.

"मग रविवारी उपासनेला येत जा. कानावर पडेल," मी म्हटलं.

"गुडघे, बाई. तुमच्या चर्चच्या त्या पायऱ्या नाहीत चढवत मला."

एकदाही आल्या नाहीत. सराव मात्र घोटून करायच्या. असा विद्यार्थी मिळाला की देव पावला असं वाटायला हवं. मला त्यांनी भंडावून सोडलं.

एका मंगळवारी येत्या रविवारचं गीत पियानोवर उघडंच होतं, तेच त्यांना वाजवायला दिलं. दुसऱ्या कडव्याच्या मधल्या ओळीत त्या थांबल्या. हात वर उचलले, वाट पाहिली आणि शांतपणे पुढे सुरू केलं.

"अडलं का?"

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

"इथे थांबता ना तुम्ही."

"मी? कुठे लिहिलंय थांबायचं? दाखवा बघू."

त्यांनी चष्मा सावरून पान पाहिलं. "छापलेलं नाहीये," त्या म्हणाल्या. पुन्हा वाजवून घेतलं, पुन्हा तेच. चार वेळा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी त्याच ओळीला पहिल्या बाकावरचे सुतारआजोबा धाडकन खाली पडले. माझे हात आपोआप वर गेले. आजोबा न खाता आले होते. लोकांनी त्यांना बसवलं, पाणी पाजलं. पाळकांनी मान हलवल्यावर मी पुढे सुरू केलं. तेवढ्या वेळात क्वायरमधल्या गाणाऱ्यांनी गप्पा मारून घेतल्या, याचाच मला राग आला होता. टेलिफोनबाई आठवल्या त्या घरी भांडी घासताना.

"योगायोग," नवरा म्हणाला. मीही तेच म्हटलं.

पुढच्या गीताचं शेवटचं कडवं त्यांनी असं काही पळवलं की मी हातातली पट्टीच आपटली.

"मागे कुत्रं लागलंय का?"

"हवा संपते ना, बाई."

पियानोला कसली आली हवा? हवा लागते ती ऑर्गनला. आमच्या ऑर्गनचा पंखा विजेवर चालतो, आणि वीज गेली की भात्यात उरेल तेवढ्या हवेवर भागवावं लागतं. हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी शेवटच्या कडव्यालाच वीज गेली. मी जिवाच्या आकांतानं ते संपवलं, क्वायरला धाप लागली, आणि शेवटचा सूर रडवेला होऊन विझला. हात मी बराच वेळ पट्ट्यांवरून काढले नाहीत.

मंगळवारी त्यांना सरळच विचारलं, "तुम्हाला हे सांगतं कोण?"

"सांगत कोणी नाही. ऐकू येतं. तुम्हीच वाजवत असता. लाइनवर नाही का, एकाचं बोलणं चालू असताना मागे दुसरंच काही ऐकू यायचं? तसं."

"अहो, पण मी वाजवायच्या आधी?"

"त्याला मी काय करू, बाई?" त्या इतक्या ओशाळल्या की धड रागवताही येईना.

मग त्यांनी येत्या रविवारचं ते संथ गीत काढलं. आईनं मला मांडीवर घेऊन शिकवलेलं. दोन कडवी स्वच्छ वाजवली. तिसरं सुरू होताच हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर ठेवले आणि बसून राहिल्या.

"पुढे?"

"पुढे तुम्ही नाही वाजवत."

"मग कोण वाजवतं?"

त्यांनी कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "कोणी नाही. मंडळी नुसतीच गातात."

मी शिकवणी तिथेच आवरली. अंगात ताप असताना मी वाजवलंय. आईला माती दिली, त्याच आठवड्यात वाजवलंय.

"गीत बदलून टाक," नवरा म्हणाला.

"का बदलू? उद्या म्हणतील, छपरावर बसून वाजवा."

आठवडाभर मी तेच एक गीत घोटलं. शेजारीण खिडकी लावून घेऊ लागली.

रविवार आला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

तिसरं सुरू झालं.

कोणी पडलं नाही. वीज गेली नाही. ऑर्गन भरून वाजत होता. तिसरं, चौथं, आमेन. इतकं चांगलं मी क्वचितच वाजवलं असेन. घरी जाऊन आधी टेलिफोनबाईंना फोन करायचा, असं मी ठरवूनच टाकलं.

पायऱ्यांवर सुतारआजोबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तब्येतीला जपा, बाई." पाळकांनी नजर चुकवली. नवऱ्यानं माझी पिशवी घेतली.

"काय होत होतं गं?" त्यानं रस्त्यात विचारलं.

"कधी?"

"तिसऱ्या कडव्याला. हात मांडीवर ठेवून बसलीस ती शेवटपर्यंत. आम्ही आपले तसेच गायलो."

"मी सगळं वाजवलं."

तक्त्यावर नसलेली अक्षरं वाचणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

डोकं तपासलं, कान तपासले. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पाळकांनी मला "थोडी विश्रांती" दिली. आता माझीच एक जुनी विद्यार्थिनी ऑर्गनवर बसते, आणि प्रत्येक गीत रबरासारखं ताणते. शिकवणीची मुलं एकेक करून यायची बंद झाली. त्यांच्या आया कारण सांगत नाहीत, परीक्षा आहे म्हणतात.

टेलिफोनबाई तेवढ्या येतात. या मंगळवारी मी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "आज मी वाजवते. तुम्ही ऐका."

तेच संथ गीत काढलं. दोन कडवी झाली. तिसरं सुरू केलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो माझ्या मांडीकडे बघत होता. मी खाली बघायचं टाळलं आणि वाजवत राहिले.

टेलिफोनबाईंचा पाय जमिनीवर हलकेच ठेका धरत होता. ओळ संपत आली तशा त्या उठल्या, पुढे वाकल्या आणि उलटायचं तिथेच पान उलटलं.