मास्कचा झिरो

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार. दुपारचे दोन. हॉस्पिटलमधली आवाज तपासायची खोली.

मावशी तिथे टेक्निशियन. पेशंटच्या नाकातोंडावर मास्क धरायचा आणि "पा, पा, पा" म्हणायला लावायचं. बोलताना किती हवा बाहेर पडते, त्याची रेघ पडद्यावर उमटते. त्याआधी रिकामा मास्क टेबलावर ठेवून झिरो घ्यायचा. रेघ सपाट झाली की बटण दाबायचं, मोजणी तिथून सुरू.

त्या दिवशी दोनची वेळ एका म्हाताऱ्या निवेदकाची होती. ते पहाटेच वारले. ती वेळ मावशीने काकांना, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला दिली. गळ्याच्या ऑपरेशननंतर काकांचा आवाज पार बसला होता. अर्धी हवा नुसतीच वाया जायची. आज आकडा सुधारला नाही तर पुन्हा चिरफाड.

तिने मास्क टेबलावर ठेवला.

रेघ सपाट होईना...

एक उंचवटा. दुसरा. तिसरा.

तिने पंखा बंद केला. खिडकी लावली. लांब भिंतीला टेकून श्वास रोखून उभी राहिली.

एक... दोन... तीन...

रिकाम्या मास्कमध्ये कुणीतरी "पा, पा, पा" म्हणत होतं. बिनआवाजाचं.

"झालं का गं?" बाहेरून काकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हो हो, या आत."

घाई नडली. रेघ हलत असतानाच तिने बटण दाबलं.

काकांनी मास्क लावला. "पा, पा, पा."

आवाज खणखणीत आला, एखाद्या निवेदकासारखा. सहा महिन्यांनी.

"अगं, आला की," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मावशी पडद्याकडे बघत होती.

रेघ सपाट होती...

"माझा झिरो चुकलाय," ती म्हणाली. "थांबा, परत घेते."

या वेळी रिकाम्या मास्कची रेघ गुमान सपाट झाली. काका पुन्हा बोलले. रेघ जागची हलली नाही. तिने मास्क स्वतःच्या तोंडाला लावला, तर ती लगेच उसळली. मशीनला काही झालं नव्हतं.

डॉक्टर आवाज ऐकूनच खूश. ऑपरेशन रद्द. काका तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना पकडून बोलत सुटले.

रात्री जेवताना मावशीने त्यांच्या तोंडापुढे तळहात धरला.

"हे काय गं? असं काय करतेस?" ते हसत म्हणाले.

तळहाताला काहीच लागलं नाही...

काका गप्प असले की श्वास घेतात. बोलायला लागले की तो थांबतो. मावशीला तो जुना, फाटका आवाज हवा आहे. मिळणार नाही, हे तिला कळून चुकलंय. ती आता काकांना काही विचारतच नाही. उत्तर कोण देईल, याची तिला खात्री नाही.

परवा काकांचा फोन आला होता.

मी उचलला नाही.