शेवटचे पंधरा सेकंद

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे. जे मोजता येत नाही, ते मी सहसा सांगत नाही. तरी हे सांगते आहे, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

रात्र नव्हती. नोव्हेंबरचा रविवार, दुपारचा एक. ओहायोत, इरी तळ्याकाठचं आमचं मैदान. साठ हजार माणसं आणि हाडं गोठवणारा वारा.

गॅरी मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे चेंडू हातात घेऊन प्रत्येक चाल खेळवणारा. सदतीस वर्षांचा. चौदावा हंगाम. मी त्याच संघात हेल्मेटमधले रेडिओ सांभाळायचे.

त्या रेडिओचा नियम सोपा आहे. पुढची चाल कोणती, ते कोच क्वार्टरबॅकच्या कानात सांगतो. प्रत्येक चालीआधी उलटं मोजणाऱ्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज आपोआप तुटतो. त्यानंतर तो एकटा. कानात फक्त स्वतःचा श्वास.

त्या दुपारी मामा बाकावर परतला आणि म्हणाला, "टेस, तुझं यंत्र बिघडलंय. कोणीतरी शेवटपर्यंत बोलत होतं."

मी नोंद पाहिली. बरोबर पंधराला बंद.

"शक्य नाही, मामा."

"मग डावीकडून येतोय, वाक, असं कोण म्हणालं?"

तो वाकला होता, हे मी पाहिलं होतं. एकशे तीस किलोचा गडी त्याच्या डोक्यावरून हवेत गेला होता.

मी रिसिव्हर बदलला. पुढच्या आठवड्यात हेल्मेटच बदललं. तिसऱ्या आठवड्यात सगळं रेकॉर्ड केलं. शेवटच्या पंधरा सेकंदांत काहीच नव्हतं...

साधी खरखरही नाही.

आणि मामा मात्र जिंकत होता. म्हाताऱ्याला पाठीमागे डोळे फुटलेत, असं लोक बारमध्ये म्हणायला लागले होते.

चौथ्या आठवड्यात मी विचारलं, आवाज कोणाचा आहे?

तो बुटाची नाडी बांधत राहिला.

"माझाच," तो म्हणाला. "पण म्हातारा. जीभ जड झाल्यासारखा."

आदल्या वर्षी मामाच्या डोक्याला दोनदा मार बसला होता. दुसऱ्या वेळी लोरेन मामीचं नाव त्याला दोन दिवस आठवलं नव्हतं. आणखी एक बसला तर शुद्धीवर येशील, पण पूर्वीचा राहणार नाहीस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कानात आवाज येतात हे मी सांगितलं असतं, तर त्याच दिवशी त्याचा खेळ संपला असता. चौदा वर्षांत कधीच न मिळालेली बाद फेरी दोन विजयांवर आली होती.

"डॉक्टरकडे चहाडी नको हं, शास्त्रज्ञबाई," तो हसत म्हणाला.

मी गप्प राहिले. तो आवाज त्याला वाचवतोय ना, असं मनाला समजावलं.

पाचव्या आठवड्यात मामाने सांगितलं की आवाज आता अडखळतो. वाक्य अर्धवट सोडतो. मध्येच विचारतो... आज सामना कोणाशी आहे?

त्या शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले. मी मामाच्या हेल्मेटमधली बॅटरी काढली, मुठीत धरली आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

काही नाही.

मग...

ताटलीवर चमचा वाजला.

कुठेतरी टीव्ही चालू होता. त्यात गर्दीचा गोंगाट. आमच्याच मैदानाचा भोंगा. समालोचक येत्या रविवारच्या सामन्याचं वर्णन करत होता.

जो सामना अजून झालाच नव्हता.

कोणीतरी जड श्वास घेत तो पाहत होतं.

"डावीकडे बघ रे..." मामाचा आवाज. म्हातारा, थकलेला. मग एकदम घाईघाईने, "लोरेन, बंद कर. इथेच बंद कर. पुढचं नको."

टीव्ही बंद झाला.

मुठीतली बॅटरी घामाने ओली झाली होती.

मी सरळ डॉक्टरांकडे गेले. मामाला आवाज ऐकू येतात, एवढंच सांगितलं. मला काय ऐकू आलं, ते नाही. संध्याकाळपर्यंत मामाचं नाव यादीतून गेलं होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चौदा वर्षांत मला मैदानाबाहेर काढणं कोणाला जमलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "तू काढलंस."

मामीने मात्र फोनवर रडत रडत माझे आभार मानले.

रविवारी त्याच्या जागी डेव्हन थिबोडो उतरला. लुइझियानाचा, तेवीस वर्षांचा. मामाला 'आजोबा' म्हणून चिडवणारा. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते?

मामा माझ्या शेजारी उभा होता. हातात माइक नाही, कानात काही नाही.

तिसऱ्या सत्रात, आमच्या एका चालीला, घड्याळात पंधरा सेकंद उरले. कोचचा आवाज तुटला. मी नोंद केली.

डेव्हनने मान किंचित कलती केली...

कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

चेंडू त्याच्या हातात आला. समोर जागा मोकळी होती. त्याने फेकला नाही. कोणीतरी वाक्य पूर्ण करावं म्हणून थांबावं, तसा तो थांबला.

धडक डावीकडून आली.

साठ हजार माणसं एकाच वेळी गप्प झाली. तसली शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

याला चार वर्षं झाली. मामाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. तो तळ्यावर मासे पकडतो, मामीशी भांडतो, सगळ्यांची नावं त्याला आठवतात. डेव्हनला चालताना हात धरावा लागतो. मामा दर रविवारी त्याच्याकडे जातो. गेल्या महिन्यात मीही गेले.

डेव्हनने मला ओळखलं नाही. मामाला ओळखलं. त्याची बाही धरली आणि अगदी हळू, तक्रार नसलेल्या सुरात विचारलं,

"आजोबा, त्या दिवशी तुम्ही कानात सांगत होतात ना... मग मध्येच गप्प का झालात?"

मामाने वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या शुक्रवारी मी काय ऐकलं, ते मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.